बिब्ब्याची आग आणि तुरीचे दाणे

फार जुन्या काळी, जंगलाच्या कडेला असलेल्या एका गावात एक वैदीण राहत होती. गावातल्या बायका बिब्बे फोडून त्यातली गोडंबी काढायच्या. गोडंबी खाणाऱ्याला गोड लागते. फोडणारीच्या हातांचं काय होतं ते तिलाच ठाऊक. बिब्ब्याचं काळं तेल उडालं की कातडी उतून यायची आणि हातांची नुसती आग आग व्हायची. मग जवळच्या परातीतल्या पाण्यात हात बुडवायचा आणि पुन्हा दगड उचलायचा.

वैदिणीला हे बघवत नसे. नऊ वर्षं रानातला पाला कुटून, मेणात आणि तिळाच्या तेलात घोटून तिने एक मलम तयार केलं. आधी स्वतःच्या दंडाला बिब्बा लावून घेतला, वर मलम चोळलं आणि तिला गार वाटलं. नऊ वर्षं ज्याच्यात घातली, त्याने गार वाटणारच की.

मग तिने बायकांना मलम लावलं. एकजात सगळ्या म्हणाल्या, बरं वाटतं. बातमी राजापर्यंत गेली. राजाने निरोप धाडला, पंधरा दिवसांनी कारभारी गाडी घेऊन येईल. मलम राज्यभर वाटू आणि वैदिणीला राजवैद्य करू. गावाला आनंदाचं भरतं आलं.

दुसऱ्याच दिवशी वैदीण सहज एका बाईच्या परसात डोकावली. ती बाई मलम लावलेले दोन्ही हात ओल्या चिखलात खुपसून बसली होती. बरं वाटतं असं का सांगितलंस, असं वैदिणीने विचारलं.

बाई ओशाळली. "तुमी एवढ्या मायेनं लावून देता, बाई. मंग तोंडावर नाई कसं म्हनू?"

वैदीण घरी आली ती जेवलीच नाही. मलम खोटं निघालं तर नऊ वर्षं वाया जाणार होती. पण ते खोटं असून राज्यभर गेलं, तर गावोगावच्या बायका हात भाजत असताना बरं वाटतं म्हणत बसणार होत्या. शेवटी तिने ठरवलं, आता कोणाला विचारायचंच नाही.

तिने पाला न घालता नुसत्या मेणातेलाचं दुसरं मलम केलं. रंग आणि वास तोच यावा म्हणून त्यात साधं गवत घोटलं. दोन्ही मलमं गावातल्या कुंभारणीच्या हवाली केली. प्रत्येक बाईच्या एका हाताला खरं आणि दुसऱ्याला नुसतं मेणतेल लावायचं, आणि कुठल्या हाताला काय, हे वैदिणीलासुद्धा सांगायचं नाही. कुंभारणीच्या पोटात एरवी तीळ भिजत नसे. पण या वेळी तिने अवाक्षर काढलं नाही, हे तिचं कौतुकच.

वैदीण रोज बिब्बे फोडायच्या मांडवात तुरीच्या शेंगा सोलत बसू लागली. प्रत्येक बाईच्या नावाच्या दोन वाट्या तिच्यापुढे असायच्या. डावा हात पाण्यात गेला की डाव्या वाटीत एक दाणा, उजवा गेला की उजव्या. बायकांना वाटे, बाई आमटीची तयारी करताहेत.

कारभारी आला त्या सकाळी कुंभारणीने खऱ्या मलमाचे दाणे एका सुपात ओतले, नुसत्या मेणतेलाचे दुसऱ्या सुपात. दोन्ही ढीग सारखे होते. वैदिणीचे डोळे भरून आले, पण ती उठून कारभाऱ्यासमोर गेली.

"मलम निकामी आहे," ती म्हणाली.

कारभारी चक्रावला. सगळ्या बायका तर गुण येतो म्हणतात, त्याने आठवण करून दिली. गाडी दारात उभी होती, राजवैद्याची शालही आणलेली होती.

"त्या माझ्यावरच्या मायेने म्हणतात. हात मात्र पाण्यातच जातात. गाडी परत न्या."

गाडी रिकामी गेली. तिला वेड लागलंय, असं गावात बोललं गेलं. पण बायका विचारात पडल्या. जिने राजाच्या माणसासमोर स्वतःच्याच मलमाला निकामी म्हटलं, तिच्यापुढे खोटं कशाला बोलायचं? हळूहळू त्या तिच्या नव्या मलमांबद्दल येऊन खरं सांगू लागल्या. याने आग वाढते, याने बोटं आखडतात, हे बरं पण घटकाभरच टिकतं. अशी तक्रार घेऊन येणारीला वैदीण आधी बसायला पाट द्यायची आणि मग पुन्हा पाला कुटायला घ्यायची.

तीन हंगाम गेले. चौथ्या हंगामात पुन्हा दाणे मोजले, तेव्हा मेणतेलाच्या सुपात ढीग होता आणि खऱ्या मलमाच्या सुपात जेमतेम मूठभर दाणे. गाडी पुन्हा आली आणि या वेळी भरून गेली.

वैदिणीच्या अंगावर शाल पडली. तेवढ्यात, मागे चिखलात हात खुपसून बसली होती ती बाई गर्दीतून पुढे आली. "बाई, आग लय कमी झाली. पन या दोन बोटांची अजून ऱ्हाते."

वैदिणीने शाल काढून बाजूला ठेवली, त्या बाईची बोटं उजेडात धरून नीट पाहिली आणि हसत म्हणाली, "बरं झालं सांगितलंस."

मग ती खलबत्त्याकडे गेली.

तात्पर्य काय, तर दुसऱ्याची वेदना खरोखर दूर करायची असेल, तर त्याच्या तोंडून आपलं कौतुक ऐकण्याचा मोह आधी सोडावा लागतो.