टिपरेसाहेबांची खुर्ची

समुद्र एकच, पण खारवेळच्या किनाऱ्यावर त्याला दोन मापं लागली. किनाऱ्यावरची बांधकामं तपासायला आलेल्या टिपरेसाहेबांनी कोळ्यांसाठी अंतर मोजलं ते उधाणाच्या पाण्यापासून, आणि मासळी सुकवायचे त्यांचे बांबू उपटून टाकले. शेजारच्या हॉटेलसाठी मात्र ओहोटीच्या पाण्यापासून मोजलं. तिथं वाळूत चक्क भिंत उभी राहिली.

नारळी पौर्णिमेला साहेबच प्रमुख पाहुणे. चांगुणा नाखविणीनं त्यांची खुर्ची मुद्दाम त्या भिंतीला टेकवून मांडली. साहेबांचं भाषण रंगलं, भरती चढली आणि एका लाटेत साहेब कमरेपर्यंत भिजले.

"खुर्ची पाण्यात मांडलीत?" साहेब ओरडले.

चांगुणानं हात जोडले. "पाण्यात कशी मांडीन, साहेब? इथं पाणी येत नाही, असं तुम्हीच सांगितलंत. हे आमच्या बांबूंसाठी मोजलेलं पाणी, चुकून हॉटेलकडे आलं बघा!"

सगळा गाव पोट धरून हसला. साहेब मान खाली घालून गेले. भिंत मात्र तिथंच राहिली, आणि तिच्यावर आपटून परतणाऱ्या लाटा वर्षभर वाळू ओढून नेत राहिल्या.

पुढच्या नारळी पौर्णिमेला गावानं पाहुणा बोलावला नाही. खुर्ची मांडायला किनाराच उरला नव्हता.