रेडोबांचा निवाडा आणि पाणकोंबडी

जनावरं आपली भांडणं बोलून मिटवत, त्या काळची ही गोष्ट. साळिंदराची मातीत पुरून साठवलेली रताळी कोणीतरी पळवली आणि तळ्याकाठी सभा भरली. निवाडा करायला रेडोबा बांधावर बसले होते. त्यांनी कोणाला काही विचारलंच नाही.

"रताळी ओल्या मातीतून उकरलीत. म्हणजे चोराचे पाय चिखलानं भरलेले असणार. या पाणकोंबडीचे पाय चिखलानं भरलेत. तेव्हा चोर हीच! आजच्या आज तळं सोड."

लव्हाळ्यात पाणकोंबडीची पाच अंडी होती, उद्यापरवा फुटायची. पण ती रडली नाही. म्हणाली, "रेडोबा, तुमच्यासारखाच विचार मीही करून बघू का?"

"कर की," रेडोबा खूश होऊन म्हणाले.

"अंडी उबवणारी पक्षीण तासन्‌तास एका जागी बसते. तुम्ही सकाळपासून एका जागी बसलात. तेव्हा तुम्ही अंडी उबवताय!"

बेडूक हसता हसता पाण्यात पडले. साळिंदराचे काटेसुद्धा खुळखुळले.

"काहीतरीच काय!" रेडोबा फुरफुरले. "बसायला दुसरं कारण नसतं का? माझं अंग जड आहे, म्हणून मी बसलोय."

"आणि मी तळ्यात राहते, म्हणून माझे पाय चिखलाचे आहेत."

रेडोबांनी दोनदा कान हलवले. मग तेही खो खो हसत सुटले. "जा गं बाई, अंडी गार पडतील तुझी!"

सभा पांगली. सगळे गेल्याची खात्री झाल्यावर रेडोबा हळूच उठले आणि त्यांनी आपल्या खाली एकदा वाकून पाहून घेतलं.