निवृत्तीने मिळवलेला सी

नदीपलीकडच्या गावात निवृत्ती नावाचा एक भोळा तरुण होता. सांगाल ते ऐकायचा. फक्त एक दिवस उशिरा.

त्याला वत्सलेचं स्थळ आलं. मुलगी त्याला फार आवडली. पण तिच्या वडिलांची, आबासाहेबांची, एकच अट होती. जावयाला संकलनाचं, म्हणजे इंटिग्रेशनचं, गणित सोडवता आलं पाहिजे. रविवारी ते स्वतः येऊन गणित घालणार होते. म्हणून आईने निवृत्तीला गुंडे मास्तरांकडे धाडलं.

गुरुवारी मास्तरांनी एक्सच्या वर्गाचं संकलन करायला सांगितलं. "घातांक एकने वाढव. जो येईल त्याने भाग."

निवृत्तीने लिहिलं, एक्सचा घन भागिले तीन.

"अन् सी कुठाय?"

"कोण सी?"

"मूळच्यात काय मिळवलेलं होतं ते आपल्याला माहीत नसतं. म्हणून शेवटी एक अनोळखी सी मिळवायचा."

"बरं मास्तर."

शुक्रवारी तेच गणित, पण शून्यापासून तीनपर्यंत. निवृत्तीचं उत्तर आलं, नऊ अधिक सी.

"अरे, सीमा दिल्या की सी नको. वरच्या किमतीतून खालची वजा करायची."

"बरं मास्तर."

शनिवारी गणित होतं पाच गुणिले एक्सचा वर्ग, पण सीमाच नव्हत्या. निवृत्तीने उत्तरातून उत्तर वजा केलं. शून्य.

मास्तरांनी पाटी पुसली. मग हळू म्हणाले, "बाळा, पाच बदलत नाही. जे बदलत नाही ते आधी बाहेर काढ. उरलेलं सोडव. शेवटी सी मिळव."

"बरं मास्तर."

रविवारी पाहुणे आले, वत्सलाही आली. आबासाहेबांनी खुर्चीत बसून पाटीवर नेमकं शनिवारचंच गणित लिहिलं. "हे जो सोडवील त्याला मुलगी देईन. माझा शब्द बदलत नाही."

निवृत्तीने त्यांना खुर्चीसकट उचललं आणि अंगणात नेऊन ठेवलं.

"अहो, हे काय?"

"तुम्ही बदलत नाही ना? मग बसा बाहेर. सोडवून झालं की आत घेतो."

वत्सला तोंडाला पदर लावून हसत होती. निवृत्तीने पाटीवर लिहिलं, एक्सचा घन भागिले तीन. मग रस्त्यावर गेला आणि सायकलवरून चाललेल्या एका तरुणाला हाताला धरून आत घेऊन आला. त्याला वत्सलेशेजारी बसवलं.

"हे रे कोण?" आईने विचारलं.

"माहीत नाही. शेवटी मिळवायचे असतात."

तो तरुण कॉलेजात शिकलेला निघाला. त्याने पाटी बघितली, सुरुवातीला पाच लिहिला, शेवटी अधिक सी लिहिलं आणि पाटी खिडकीतून आबासाहेबांना दाखवली.

आबासाहेबांचा शब्द काही बदलत नव्हता.

संध्याकाळी निवृत्ती पेढे घेऊन धावत मास्तरांकडे गेला. "मास्तर, गणित बरोबर आलं. वत्सलेचं लग्न ठरलं."

"अरे वा. कुणाशी?"

"सीशी."