तेरा तराफ्यांची हाळी

फार फार पूर्वी, वर्षं मोजायची सवय अजून माणसांना लागली नव्हती तेव्हा, एका डोंगराच्या कुशीत एक तळं होतं. एवढं मोठं, की त्याचा पलीकडचा काठ फक्त ऐकून माहीत असायचा. त्या तळ्यावर बाराही महिने धुकं असे. दुधात बुडवलेल्या कापसासारखं, पांढरं, मऊ आणि ओलं.

तळ्यावर तेरा तराफे होते आणि प्रत्येक तराफ्यावर एक घर. एकाच लांब दोरानं ते सगळे गोल बांधलेले होते. शेजारी असूनही माणसं एकमेकांना दिसत नसत. ओळख सगळी आवाजाची. कुणाचा आवाज भाकरीसारखा खरपूस, कुणाचा ताकासारखा पातळ. पोरं मोठी होत, म्हातारी होत, पण शेजाऱ्याचं नाक कसं आहे हे कुणाला सांगता आलं नसतं.

पहिल्या तराफ्यावर थोरले राहत. धुक्यातल्या ओल्यात नवा विस्तव पेटत नसे, म्हणून थोरल्यांच्या चुलीतला विस्तव पिढ्यान्‌पिढ्या जपलेला होता. रोज सकाळी निखाऱ्यांचं मडकं दोरावरून सरकत तेराही घरांत फिरे. ज्याच्या घरी निखारे, त्याच्या घरी भात.

शेवटच्या, तेराव्या तराफ्यावर एक तरुण आई राहायची. ती काठावरच्या गावातून लग्न होऊन आली होती, थोडं लिहायला-वाचायला शिकलेली होती, म्हणून सगळे तिला 'कोरड्यावरची' म्हणत. तिला पाच महिन्यांची मुलगी होती. मुलगी झोपली की ही तिच्या नाकाशी बोट धरून बसायची. श्वास चालू आहे ना? आहे. आता? आताही आहे. जे बोलायचं ते तिला नेहमी बोलणं संपून गेल्यावर सुचे, आणि मग भांडी घासताना ती ते भांड्यांना ऐकवी.

बाराव्या तराफ्यावर शिंगवाली आजी होती. थोड्या थोड्या वेळानं ती रेड्याचं एक मोठं शिंग फुंकायची. तो घुमारा पाण्यावरून पसरत जाई आणि लांब गेलेल्या होड्या त्याच्या मागानं घरी येत.

एके दिवशी थोरल्यांनी दोर हलवला. दोर हलला की ऐकायचं, अशी रीत होती.

"तीन महिने झाले, मासे जाळ्यात येईनात," थोरले म्हणाले. "माझं म्हणणं, ते शिंगाला भितात. अमावस्येपासून शिंग बंद. हाळी द्या."

हाळी म्हणजे पहिल्या तराफ्यापासून तेराव्यापर्यंत प्रत्येकानं मोठ्यानं 'हो' किंवा 'नाही' म्हणायचं.

"हो," थोरले म्हणाले.

"हो," दुसऱ्यानं म्हटलं. "हो." "हो." धुक्यातून 'हो' येत राहिले, एकामागून एक, जशा झोपेत पायऱ्या उतराव्यात. बाराव्या तराफ्यावरून शिंगवाली आजीही म्हणाली, "हो."

आता कोरड्यावरचीची पाळी होती. तिचा नवरा पलीकडच्या काठाला वेत आणायला गेला होता. तो अमावस्येनंतर दोन दिवसांनी परतणार होता. शिंग बंद झालंय हे त्याला कोण सांगणार? पांढऱ्या धुक्यात तो कुठल्या दिशेला वल्हवणार?

बारा 'हो' तिची वाट बघत थांबले होते. मांडीवर मुलगी होती. मुलीला ऊब निखाऱ्यांची होती.

"हो," ती म्हणाली.

मग तिनं भांडी घासायला घेतली आणि सगळी भांडी दोनदा घासली.

"आजी," तिनं दोरापाशी येऊन हळूच विचारलं, "तुम्ही 'हो' का म्हणालात?"

"तू का म्हणालीस?"

कोरड्यावरचीनं दोराची गाठ उगाच घट्ट केली. आजी खाकरली. "अकराजणांचं ऐकल्यावर माझंच शिंग मला जड झालं, पोरी."

दुसऱ्या दिवशी कोरड्यावरचीनं दोर हलवला. आयुष्यात पहिल्यांदाच. किती जोरानं हलवायचा ते माहीत नव्हतं, म्हणून दोर जरा जास्तच हलला आणि चौथ्या तराफ्यावरचं कालवण सांडलं.

"कोण गं ते? भूकंप आणतेस काय!"

"मी... कोरड्यावरची. मला वाटतं, परत एकदा विचारावं. पण गुपचूप. एक घागर फिरवू या. शिंग बंद हवं त्यानं खडा टाकावा, चालू हवं त्यानं पान. धुक्यात कुणाला दिसणार नाही कुणी काय टाकलं."

तळ्यावर एकच गलका झाला.

"तोंड लपवून मत द्यायचं? ही चोराची रीत झाली," थोरले म्हणाले. "मी जे बोलतो ते माझ्या नावानिशी बोलतो."

"मला तर बुवा लपवायला काही नाही," सातव्या तराफ्यावरचा गमत्या म्हणाला. "जे असतं ते बायको आधीच शोधून काढते."

"गप्प बसा हो!" त्याची बायको म्हणाली.

"उद्या कुणी गुपचूप वाईटपणा केला, तर जाब कुणाला विचारायचा?" दहाव्यावरून प्रश्न आला. तो काही खोटा नव्हता. कोरड्यावरचीला तो इतका पटला, की आपलंच चुकलं असं तिला वाटू लागलं.

तेवढ्यात शिंगवाली आजी बोलली. "थोरल्या, तू निखारे देणारा आणि आम्ही घेणारे. देणाऱ्याचं तोंड उघडतं तसं घेणाऱ्याचं उघडत नाही रे."

थोरले हट्टी होते, पण कपटी नव्हते. "फिरवा घागर," ते म्हणाले. "दोनदा विचारलं म्हणून 'हो'चा 'नाही' होत नाही."

तांब्याची घागर फळीवर ठेवून दोरानं ओढत निघाली. थोरल्यांच्या दारात आवाज झाला, टण्ण! दुसऱ्याच्या दारात, टण्ण! तिसऱ्याच्या, चौथ्याच्या, टण्ण, टण्ण. पाचव्या तराफ्यावर जाळी विणणारी मावशी राहायची. तिथे घागर थांबली आणि काहीच ऐकू आलं नाही.

पहिल्या तराफ्यावर थोरल्यांनी घसा खाकरला.

टण्ण! पाचव्यावरून आवाज आला.

मग सहा, सात, आठ, सगळीकडे टण्ण. घागर तेराव्या तराफ्याला लागली तेव्हा कोरड्यावरचीच्या हातात हिरवंगार पान होतं. तिनं ते घागरीवर धरलं. कल्पना तिची, घागर तिच्या घरची. कान मात्र बारा घरांचे होते.

तिनं पान पदरात लपवलं आणि खडा टाकला.

मोजणी झाली. तेरा खडे निघाले. आणि एक पान.

"घरं तेरा आणि मतं चौदा?" थोरले चकित झाले. पाचव्या तराफ्यावर एकदम शांतता होती. "हे काही बरोबर नाही. चुकीची मोजणी मला चालायची नाही, मग ती माझ्या बाजूची का असेना."

"पोरी," आजी दोरापलीकडून कुजबुजली, "धुकं डोळ्यांना आहे. कानांना कुठाय?"

कोरड्यावरचीला इतकं ओशाळल्यासारखं झालं, की तिनं पदर तोंडावर घेतला. जन्म आवाजावर काढलेल्या माणसांमध्ये आपण डोळ्यांपासून लपण्याची युक्ती काढली! शिकलेली म्हणे. पण मुलगी रडू लागली, तिला थोपटता थोपटता ओशाळं वाटणं मागे पडलं, आणि उरलं फक्त पुढे काय करायचं ते.

तिनं वाळका भोपळा पोखरला, आत ओलं शेवाळ दाबून भरलं आणि वर फडकं बांधून त्याला हात जाईल एवढंच भोक ठेवलं. अमावस्येच्या आदल्या दिवशी दुपारी भोपळा फिरला. यावेळी तळ्यावर कसलाच आवाज नव्हता. पाणी तराफ्यांना चाटत होतं, धुकं हळूहळू कूस बदलत होतं, आणि भोपळा स्वप्नासारखा एका दारातून दुसऱ्या दारात तरंगत होता. कोरड्यावरचीनं पान टाकलं. शेवाळानं ते गिळून टाकलं.

मोजलं तर खडे चार, पानं नऊ.

कुणी जल्लोष केला नाही. सगळे थोरल्यांची वाट बघत होते. त्यांचा आवाज आला तो एकदम म्हाताऱ्या माणसाचा होता.

"नऊ घरं. नऊ घरांना आज सकाळी मी निखारे दिले, आणि एकानंही मला सांगितलं नाही, की बाबा, तुझं चुकतंय." मग ते म्हणाले, "बरं, मानतो मी. पण चुकतंय कुठे? माझ्या लहानपणी शिंग नव्हतं, तरी होड्या येत होत्या."

"काही येत होत्या," आजी म्हणाली.

"मग हे मला आधी का नाही सांगितलं? पानं काही बोलत नाहीत. कारण कळलं नाही, तर पुढच्या अमावस्येला मी हेच पुन्हा विचारणार."

कोरड्यावरचीला वाटलं, झालं, संपलं. आता महिन्या-महिन्याला आपण अशीच भांडी दोनदा घासत बसायचं. कुणीतरी बोलायला हवं. ती वाट बघत राहिली. बाकीचेही वाट बघत असावेत.

तिनं दोर हलवला. यावेळी कुणाचं काही सांडलं नाही.

"थोरले, मी पान टाकलं. माझा माणूस तिकडे वेताला गेलाय. शिंग नसेल तर त्याला घर सापडणार नाही. माझी मुलगी पाच महिन्यांची आहे, तिनं अजून त्याचा आवाज धड ओळखलेला नाही. हाळीत मी 'हो' म्हणाले, घागरीत खडा टाकला. दोन्ही वेळा भिऊन. तुम्ही निखारे बंद केलेत तर मी काय करणार, मला माहीत नाही. पण कारण एवढंच आहे."

मग पाचव्यावरून जाळीवाली मावशी म्हणाली, "ते चौदावं मत माझं होतं. माझा भाऊ धुक्यात गेला, तो आलाच नाही. तेव्हा शिंग नव्हतं."

मग नवव्या तराफ्यावरचा एकजण कचरत म्हणाला, "मी खडा टाकला. वडील आजारी आहेत, शिंग वाजलं की दचकून उठतात. तुमच्या कुणाशी वैर नाही माझं."

"अरे, मग आधी बोलायचंस की!" आजी ओरडली. "मी शिंगाचं तोंड तिकडे मोकळ्या पाण्याकडे धरते. होड्याही तिकडूनच येतात." आणि तिनं तसं धरून फुंकून दाखवलं. नवव्यावरचे म्हातारे, म्हणतात, झोपूनच राहिले.

दुसऱ्या सकाळी मडकं सरकत सरकत तेराव्या तराफ्याला आलं. आत निखारे होते, रोज असत तेवढेच. चौथ्या दिवशी शिंगाच्या घुमाऱ्यामागून वल्ह्याचा आवाज आला, आणि कोरड्यावरचीनं तेवढ्यापुरतं मुलीच्या नाकापासून बोट काढलं.

तेव्हापासून तळ्यावर नवी रीत पडली. आधी दोर हलवून ज्यानं त्यानं आपलं कारण आपल्या नावानिशी सांगायचं. सांगून झालं, की शेवाळाचा भोपळा फिरवायचा, आणि त्यात कुणी काय टाकलं हे कुणी कधी विचारायचं नाही.

पुढे मासे का कमी झाले याची चर्चा निघाली. जाळ्याचे डोळे मोठे करावेत, म्हणजे लहान मासळी सुटून वाढेल, असं कोरड्यावरचीनं सगळ्यांना समजावून सांगितलं. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं, दोघा-तिघांनी तिचं म्हणणं का चुकतंय तेही सांगितलं. भोपळा फिरला. पानं तीन, खडे दहा. ती हरली, चांगली सपाटून हरली. पण त्या दिवशी तिनं भांडी एकदाच घासली. दहा खड्यांतला एकही कुणाला भिऊन पडलेला नव्हता, हे तिला माहीत होतं.

म्हणून बाळांनो, आणि बाळांच्या आईबापांनो, एवढं ध्यानात ठेवा: मत झाकून द्यावं, पण त्यामागचं कारण उघड सांगावं.