पुढचा खांदा परक्याचा

पाणसऱ्याच्या जत्रेला सकाळच्या एसटीने यायचं आणि संध्याकाळच्या एसटीने परतायचं, असा बेत करून दरवर्षी शहरातली माणसं येतात. देवळापुढे करंजाईची पालखी सजून तयार असते. मागच्या दांड्यापाशी दोघे उभे, पुढचा दांडा मात्र मोकळा. रावजी गुरव गर्दीतून फिरत विचारतात, "पहिल्यांदाच आलेलं कोण हाय?" एखादा भीतभीत हात वर करतो आणि देवीचा पुढचा मान त्याच्या खांद्यावर येतो. हे असं का, ते पालखी नदीवर जाऊन आली की रावजी देवळाच्या ओट्यावर बसून सावकाश सांगतात.

फार वर्षांपूर्वी, म्हणे, या देवळात भागा नावाची गुरवीण झाडलोट करी. तिची लेक चिमा पहिल्या बाळंतपणात अडली. दोन दिवस झाले तरी सुटका होईना. भागाने देवीपुढे पदर पसरला. "माझी लेक वाचव. तुझी पालखी नदीवर जाईल तवा तिथं तुझी ओटी भरीन, आन् तवर मिठाला शिवायची न्हाई." चिमा सुखरूप सुटली, मुलगी झाली. जत्रा महिन्यावर आली होती. महिनाभर अळणी खायचं, त्यात काय मोठंसं, असं भागाला वाटलं.

पण त्याच वर्षी वरल्या आळीची आणि खालच्या आळीची जुंपली. पालखी लहान, पुढे एकालाच जागा. तो मान कोणाचा, यावरून कोणी हटेना. पालखी दिवसभर देवळापुढे राहिली आणि तशीच आत गेली. पुढल्या वर्षी तेच, त्याच्या पुढल्या वर्षीही तेच. भागा अळणीच खात राहिली. उन्हात पाणी भरताना तिला भोवळ येई, पायांत गोळे येत. वैद्याने मीठ खा म्हणून बजावलं, पण ती ऐकेना. देवीने आपला शब्द पाळला होता, मग आपण कसा मोडायचा? तिची कीव तशी दोन्ही आळ्यांना येत होती. बायका बिनमिठाचं कालवण तिच्या दारी आणून देत आणि दुसऱ्या आळीच्या नावाने बोटं मोडत परत जात. माघार तेवढी कोणी घेतली नाही.

चौथ्या वर्षी भागाला देवळाच्या पायऱ्या चढवेनात. यंदा पालखी हलली नाही तर पुढली जत्रा आपण बघत नाही, हे तिला कळून चुकलं होतं. जत्रेच्या दिवशी ती खांबाला टेकून बसली. दोन्ही आळ्यांचे पुरुष दोन बाजूंना हाताची घडी घालून उभे. एवढ्यात घाटापलीकडचा कोणी एक माणूस पुढे आला. जत्रा बघून उजेडी घरी परतावं म्हणून पहाटेच निघालेला. गावच्या भांडणाची त्याला काय कल्पना?

"गडी कमी पडलं व्हय? मग बोलायचं की," म्हणत त्याने घोंगडी बाजूला टाकली आणि पुढचा दांडा खांद्यावर घेतला.

पालखी मागे कलली. देवी आतल्या आत सरकली. आता पडते, म्हणून दोन्ही आळ्यांतून एकेक जण धावला आणि दोघांनी मिळून मागचा दांडा उचलला. मग सोडणार कोण? असे सांगतात, की ते दोघे एकमेकांकडे न बघता चालू लागले आणि नदी येईपर्यंत त्यांची पावलं एका ठेक्यात पडू लागली होती.

बायकांनी भागाला धरून नदीवर नेलं आणि तिने ओटी भरली. कोणीतरी तिच्या हातावर मीठ-मिरचीची भाकरी ठेवली. पहिल्याच घासाला तिला रडू फुटलं. मग तिला त्या माणसाची आठवण झाली. घरी जाऊन तिने ताजी भाकरी केली आणि काठी टेकत त्याला शोधत निघाली. तो केव्हाच गेला होता. त्याचं नाव काय, गाव कोणतं, कोणालाच ठाऊक नव्हतं. आनंदाच्या भरात कोणी विचारलंच नव्हतं.

भागा भाकरी घेऊन वेशीवर उभी राहिली. जत्रेहून परतणारं एक अनोळखी जोडपं आलं. तिने ती भाकरी त्यांना दिली आणि त्यांच्या पायांना हात लावला.

"आवो मावशी, आमी काय केलं?" ती बाई संकोचून म्हणाली.

"आलात की," भागा म्हणाली.

आजही संध्याकाळच्या एसटीपाशी गुरवांच्या घरची बाई टोपलं घेऊन उभी असते. परगावच्या प्रत्येकाच्या हातावर चटणी-भाकरी ठेवते आणि वाकून नमस्कार करते. पाहुणे ओशाळून मागे सरतात. तेव्हा रावजी म्हणतात, "घ्या, नको म्हनू नका. तो नमस्कार दुसऱ्याचा हाय, पर त्याचं नाव आमाला ठावं न्हाई."