पांढरे झिंगे आणि आठ दिवसांची सुई

पाणदरा गावाच्या सड्याखाली, त्या खडकाळ माळाच्या पोटात, जांभ्या दगडात एक कपार आहे. तोंडाशी वाकून जावं लागतं, पुढे माणूस उभा राहतो. तिच्यातून बारा महिने पाणी वाहतं, गाव तेच पितं. गावचे तातोबा गुरव पाहुण्यांना तिथे नेतात तेव्हा लगेच पाण्यात हात घालू देत नाहीत, आधी बघायला सांगतात. तोंडाशी उजेडात करडे झिंगे दिसतात, खसखशीएवढ्या काळ्या डोळ्यांचे. वीस पावलं आत गेलं की रंग फिका होतो आणि डोळ्याच्या जागी नुसता ठिपका उरतो. त्याहून आत, जिथे दिवा न्यावा लागतो तिथल्या डोहात, झिंगे पेजेसारखे पांढरे आहेत. मिशा अंगाच्या दुप्पट लांब, आणि डोळे नाहीतच.

“ह्या पांढऱ्यांना गावानं एकदा चुन्यात मारायचं ठरवलं होतं,” तातोबा म्हणतात, आणि येसाईची हकिकत सांगतात.

फार मागे, एका चैत्रात, पाणदऱ्यात डोळे येण्याची साथ आली, असं सांगतात. सकाळी पापण्या चिकटलेल्या, डोळे इंगळासारखे लाल. त्यातच एका घागरीत पांढरा झिंगा निघाला. ज्या पाण्यानं झिंग्यांचे डोळे नेले तेच आता माणसांचे नेणार, अशी सगळ्यांची खात्री पटली. दौलू पाटलानं निकाल दिला, की कपारीत दहा पाट्या चुना ओतायचा, तोंड दगडांनी बुजवायचं आणि गाव उठवून तीन कोसांवर नदीकाठी न्यायचं.

येसाई कपारीचा गाळ काढणारी बाई. तिची लेक फुला बाळंतपणासाठी माहेरी आली होती, दिवस भरलेले. त्या उन्हात तीन कोस उतार चालायचा, तोही अवघडलेल्या बाईनं! येसाईला रात्रभर डोळा लागला नाही. तिनं कपारीत उभं आयुष्य काढलं होतं, झिंगे कुठे कसे असतात हे तिला ठाऊक होतं. सकाळी करंजाच्या तेलाचा दिवा घेऊन ती आत गेली आणि तीन जागचे झिंगे मातीच्या तीन परळांत घेऊन चावडीवर आली. करडे, फिके, पांढरे.

“बघा,” ती म्हणाली, “ही सगळी एकाच घरची. भूत न्हाई का करनी न्हाई.”

पाटलानं परळांवरून नजर फिरवली. “येसाई, तूच साक्ष दिलीस की! जसं आत जावं तसं डोळं जात्यात.”

चावडी हसली. मग येसाईनं विचारलं, “पाटील, कपारीतलं पानी कुनीकडनं कुनीकडं जातं?”

“आतनं भाईर. ह्यात काय इचारायचं?”

“मग ह्या तोंडाशी ऱ्हानाऱ्यांनी जलमभर आतल्या आंधळ्यांचं उष्टं पानी पिलं. त्यांचं डोळं कुनी न्हेलं? आत उजेडच न्हाई. तितं डोळं घेऊन काय करायचं त्यांनी?”

तरी लोकांची भीती जाईना. तेव्हा येसाईनं शब्द दिला. आठ दिवस रोज ती डोहातल्या पाण्यानं डोळे धुईल आणि सकाळी चावडीसमोर सुई ओवून दाखवील. आठव्या दिवशी दोरा गेला नाही, तर खुशाल चुना ओता. पाटलानं मान्य केलं.

चार दिवस दोरा सरळ गेला. पाचव्या दिवशी येसाई उठली ती लालभडक डोळ्यांनीच. सुईचं भोक तिला दिसेना. दुपारपर्यंत चुन्याच्या पाट्या कपारीच्या तोंडाशी जाऊन पोचल्या.

“आये, निघू या,” फुला रडत म्हणाली. “मी चालते हळूहळू.”

येसाई तिला घरी बसवून तशीच वर गेली. डोळ्यांतून पाणी गळत होतं. “पाटील, आज पाचवा हाय. तुमी आठ कबूल केलं हुतं.”

पाटील गड्यांना म्हणाला, “ठेवा खाली. बसा त्यावरच.” गडी तीन दिवस पाट्यांवर बसून होते म्हणे.

सहाव्या दिवशी नदीकाठचा एक धनगर वर आला. त्याचेही डोळे आलेले. त्याच्या वस्तीवर घरटी दोघं-तिघं अशीच पडून होती, आणि त्यांनी कपारीचा थेंबही प्यालेला नव्हता. त्या रात्री पाटलानं आपल्या घरची घागर कपारीवरूनच भरून आणवली.

आठव्या दिवशी सगळं गाव चावडीसमोर. येसाईच्या डोळ्यांची लाली ओसरली होती. तिनं सुई उचलली. दोरा भोकाच्या कडेला लागून वाकला. पुन्हा वाकला. शेवटी मागून एक म्हातारी कातावली, “आगं, थुकी लाव की त्याला!”

येसाईनं दोरा ओठांत ओला केला, चिमटीत पिळला. दोरा गेला.

लोक इतके हसले की काहींना रडू आलं. चुना घराघरांत वाटून टाकला. त्या वर्षी पाणदऱ्याच्या भिंती कधी नव्हत्या इतक्या पांढऱ्या दिसल्या. तीन दिवसांनी फुला आईच्या घरात, आईच्याच हातांनी सुखरूप मोकळी झाली, आणि बाळाचं पहिलं न्हाणं डोहातल्या पाण्यानं झालं.

आजही चैत्रात पाणदऱ्यातली सगळ्यांत वयस्क बाई चावडीसमोर सुई ओवायला बसते. दोरा अडला की पोरंटोरंही ओरडतात, “थुकी लाव!” नाहीच गेला, तर पाणी बंद करत नाहीत, आठ दिवस थांबतात. मागच्या खेपेला गऊबाईला सात दिवस जमलं नाही, तातोबा सांगतात. गाव रोज तेच पाणी पीत होतं. आठव्या दिवशी तिच्या नातीनं तालुक्याहून चष्मा करून आणला.