पिटकूनं राहायचं कुठं?

एक होतं घर.
घराला होती भिंत.
भिंतीवर होतं घड्याळ. टिक टिक, टिक टिक.
घड्याळामागं होतं कोण?
पिटकू!

पिटकू म्हणजे पालीचं पिल्लू. एवढंसं! करंगळीएवढं. घड्याळ करायचं टिक टिक. पिटकू करायचं चुक चुक. दोघांचं छान चाललं होतं.

मग आला मे महिना. मुक्ताच्या शाळेला लागली सुट्टी. बाबा म्हणाले, "या सुट्टीत घराला रंग! रंगारी कशाला? मी आहे ना!"

झालं! सगळं घर उलटंपालटं. खुर्चीवर खुर्ची. पलंगावर डबे. डब्यांवर उशा. बाबांनी डोक्याला रुमाल बांधला. घड्याळ काढलं. खिळा उपटला. भिंतीवर ब्रश फिरला. सर्र सर्र, सर्र सर्र. भिंत झाली आकाशी!

आणि पिटकू?
पिटकू पडलं खाली. टप्प!

"ई ई ई! पाल!" आई ओरडली. आई कुणाला म्हणून भीत नाही. फक्त पालीला भिते. "दुपारचा चहा होऊ दे. मग घेते केरसुणी. आज ही पाल घराबाहेर!"

बाप रे! बाहेर? बाहेर केवढं ऊन. बाहेर केवढं मांजर. आणि बाहेर टिक टिक नाही!

पिटकूला रडू आलं. थोडंसंच रडलं. मग म्हणालं, "रडून काय होणार? चहाच्या आधी घर मिळवणार!"

पिटकू निघालं. सुळ सुळ सुळ!

घड्याळ पलंगावर उताणं पडलं होतं.
"घड्याळकाका, घड्याळकाका, भिंतीवर चढा ना!
पिटकूनं राहायचं कुठं?"

घड्याळ म्हणालं, "टिक टिक. खिळा बसत नाही, तोवर मी चढणार नाही. जा, खिळ्याला सांग."

पिटकू निघालं. सुळ सुळ सुळ!

खिळा वाटीत लोळत होता.
"खिळेभाऊ, खिळेभाऊ, भिंतीत बसा ना!
घड्याळ चढेना.
पिटकूनं राहायचं कुठं?"

खिळा म्हणाला, "टिंग टिंग. हातोडा ठोकत नाही, तोवर मी बसणार नाही. जा, हातोड्याला सांग."

पिटकू निघालं. सुळ सुळ सुळ!

हातोडा शिडीखाली झोपला होता. चांगला घोरत होता.
"हातोडेदादा, हातोडेदादा, ठक ठक ठोका ना!
खिळा बसेना,
घड्याळ चढेना.
पिटकूनं राहायचं कुठं?"

हातोडा म्हणाला, "घुर्र घुर्र. बाबा उतरत नाहीत, तोवर मी ठोकणार नाही. जा, बाबांना सांग."

पिटकू शिडी चढलं. सुळ सुळ सुळ!

बाबा शिडीवर बसले होते. नाकाला रंग. कानाला रंग. मिशीलासुद्धा रंग!
"बाबा, बाबा, खाली उतरा ना!
हातोडा ठोकेना,
खिळा बसेना,
घड्याळ चढेना.
पिटकूनं राहायचं कुठं?"

बाबा म्हणाले, "छे छे! भिंत सुकत नाही, तोवर मी उतरणार नाही. मी राखण करतोय. काल मुक्तानं पलीकडच्या भिंतीच्या ओल्या रंगाला हात लावला. तो बघ पंजा! आता पुन्हा रंगवावं लागणार की नाही? जा, भिंतीला सांग."

पिटकू निघालं. सुळ सुळ सुळ!

भिंत ओली होती. चमचम चमकत होती. पिटकू जवळ गेलं. जरा जास्तच जवळ गेलं. आणि शेपटीचं टोक? टेकलं! पिटकूला काही कळलंच नाही.
"भिंतमावशी, भिंतमावशी, लवकर सुका ना!
बाबा उतरेनात,
हातोडा ठोकेना,
खिळा बसेना,
घड्याळ चढेना.
पिटकूनं राहायचं कुठं?"

भिंत म्हणाली, "गार गार. पंखा फिरत नाही, तोवर मी सुकणार नाही. जा, पंख्याला सांग."

तिकडे स्वयंपाकघरात आईनं चहाचं पातेलं चढवलं. खण्ण!
अरे, पळ पिटकू, पळ!

पिटकू निघालं. दारावरून वर. छतावरून पुढं. सुळ सुळ सुळ!

पंखा गप्प होता.
"पंखेमामा, पंखेमामा, गरगर फिरा ना!
भिंत सुकेना,
बाबा उतरेनात,
हातोडा ठोकेना,
खिळा बसेना,
घड्याळ चढेना.
पिटकूनं राहायचं कुठं?"

पंखा म्हणाला, "कुईं कुईं. आजी उठत नाही, तोवर मी फिरणार नाही. मी फिरलो, की तिचे पापड उडतात. मग मला रागावते. जा, आजीला सांग."

स्वयंपाकघरात आईनं आलं ठेचलं. ठेच ठेच ठेच!
पळ पिटकू, पळ!

पिटकू निघालं. सुळ सुळ सुळ!

आजी पोळपाट घेऊन बसली होती. उडदाचे पापड लाटत होती. गोल गोल. पातळ पातळ. शेजारी बसली होती मुक्ता. मुक्ताच्या तोंडात पापडाची लाटी. हातात पण लाटी!
"आजी, आजी, पटकन उठ ना!
पंखा फिरेना,
भिंत सुकेना,
बाबा उतरेनात,
हातोडा ठोकेना,
खिळा बसेना,
घड्याळ चढेना.
पिटकूनं राहायचं कुठं?"

आजी म्हणाली, "अरे बाळा, शेवटचा एक पापड राहिलाय. पण ही माशी! नाकावर बसते. कानात गुणगुणते. लाटू देईल तर शपथ! माशी जात नाही, तोवर मी उठणार नाही. जा, माशीला सांग."

स्वयंपाकघरात चहा उकळला. बुड बुड बुड!
पळ पिटकू, पळ!

पण पळायचं कुठं? माशी तर तिथंच होती. आजीच्या नाकावर!
पिटकूनं श्वास घेतला. मोठ्ठा! आता तुम्हीही घ्या. आणि म्हणा माझ्याबरोबर:
"माशीबाई, माशीबाई, इथून जा ना!
आजी उठेना,
पंखा फिरेना,
भिंत सुकेना,
बाबा उतरेनात,
हातोडा ठोकेना,
खिळा बसेना,
घड्याळ चढेना.
पिटकूनं राहायचं कुठं?"

माशी हसली. "गुं गुं गुं! मी नाही जा! आजीनं पदर झटकला. मी गेले नाही. मुक्तानं टाळी वाजवली. मी गेले नाही. आणि तू? करंगळीएवढं! तू काय करणार?"

काय करणार बरं पिटकू?
सकाळपासून धावत होतं. सकाळपासून जेवलं नव्हतं. पोटात कावळे ओरडत होते. काव काव! आणि समोर होती माशी. गुबगुबीत!

माशी नाकावरून उडाली. पोळपाटावर बसली.
पिटकू थांबलं. शेपटी हलली. डोळे चमकले.
लप्प!
माशी कुठंय?
गट्टम!

आणि मग काय मज्जा!
माशी गेली.
आजीनं पापड लाटला. सर्र! आजी उठली. सगळे पापड घेऊन गच्चीवर गेली. जाता जाता म्हणाली, "मुक्ता, लाव पंखा!"
मुक्तानं बटण दाबलं. खट्! पंखा फिरला. गर गर गर!
भिंत सुकली. फुर फुर फुर!
बाबा उतरले. धप धप धप!
हातोडा ठोकला. ठक ठक ठक!
खिळा बसला. घट्ट!
घड्याळ चढलं. टिक टिक, टिक टिक!
आणि घड्याळामागं शिरलं कोण?
सुळकन! पिटकू!

तेवढ्यात आई आली. चहा घेऊन आली. आजीपण गच्चीवरून आली. सगळे चहा प्यायले. फुर्र फुर्र.
मग आईनं उचलली केरसुणी.
"कुठं गेली ती पाल?"


आईनं पलंगाखाली पाहिलं. नाही. दारामागं पाहिलं. नाही. मग वर पाहिलं. घड्याळामागून काय डोकावत होतं?
इवलंसं शेपूट!
केरसुणी वर गेली. आणखी वर गेली.

"थांब गं!" आजी ओरडली. "त्या माशीला हिनंच मटकावलं. म्हणून माझे पापड झाले!"
मुक्ता ओरडली, "पापड झाले, म्हणून पंखा लावला!"
बाबा ओरडले, "पंखा लावला, म्हणून भिंत सुकली! नाहीतर मी अजून वरच असतो!"

आईनं शेपटीकडे पाहिलं. मग भिंतीकडे पाहिलं. पुन्हा शेपटीकडे पाहिलं. भिंत आकाशी. आणि शेपटीचं टोक? तेही आकाशी!

आईला आलं हसू. अस्सं हसू, की केरसुणी खालीच आली.
"अगं बाई! हिनं पण घर रंगवलं वाटतं! मग हिला बाहेर कशी काढू? राहा गं बाई, राहा. पण घड्याळामागंच हं! माझ्या डब्यांमागं यायचं नाही."

आईनं केरसुणी कोपऱ्यात ठेवली. कमरेवर हात ठेवले. आकाशी भिंतीकडे पाहत म्हणाली, "आता कसं घर घरासारखं झालं!"

घड्याळामागून आवाज आला, "चुक चुक चुक!"

आजीनं जमिनीवर बोटं वाजवली. टक टक टक. "कृष्ण कृष्ण! पाल चुकचुकली. म्हणजे अगदी खरं!"

घड्याळ चढलं भिंतीवर,
पापड वाळले गच्चीवर,
पिटकू झोपलं घरात,
आणि आता आपण आपल्या घरात.